खडपावरचं जनावर

डोंबिवलीचे एक वाचक मे महिन्यात देवगडला मामाकडे गेले होते. संध्याकाळी समुद्रकाठच्या खडपावर, म्हणजे खडकांवर, बसून मासे गरवत होते. गरीला (गळाला) सोललेली कोळंबी, तंगूस म्हणजे गळाची दोरी पाण्यात, पाय डबक्यात. मागून एक आजोबा ओरडले, "फुडे जाव नको रे, थयसर जनावर आसा!" हे गृहस्थ म्हैस शोधायला लागले. तेवढ्यात काळपट, हातभर लांब असं काहीतरी डबक्यातून निघून कपारीत शिरलं. विचारतात, सापाला जनावर म्हणणं चूक ना? बरोबरचा मित्र म्हणाला, साप नव्हताच, वाम होती, म्हणजे सापासारखी लांबट मासळी. शिवाय साप चावतो की डसतो?

चूक अजिबात नाही. जनावर म्हणजे चार पायांचं, दावणीचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सांगत बसत नाही. कोकणात दावणीला असतात ती गुरं किंवा ढोरं. त्यामुळे 'जनावर' हा शब्द तिथे मोकळाच होता, तो सापाला मिळाला. तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो येतो, म्हणून मग जनावर, लांबडं. रशियन लोक अस्वलाला 'मेदवेद' म्हणतात ते यातूनच. मेद म्हणजे मध, पुढे आपलाच अद् धातू, मिळून मध खाणारा. खरं नाव भीतीने असं टाकलं की पुढे ते विसरलंच जातं.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या इमारतीत कुत्रा फिरवणारी मंडळी आहेत. त्यांच्यासमोर जनावर म्हटलं की लगेच दुरुस्ती येते, "जनावर नका म्हणू हो, प्राणी म्हणा." जणू जनावर शिवी आहे आणि प्राणी पदवी! अहो, दोन्हींचा अर्थ अक्षरशः एकच आहे. फारसीत 'जान' म्हणजे प्राण, आणि पुढचा 'वर' किंवा 'आवर' म्हणजे तो बाळगणारा. जोर असलेला जोरावर, दिल असलेला दिलावर, तसा जान असलेला जनावर. प्राण असलेला तो प्राणी. फरक कुठे आहे?

आणि खरी गंमत याच्याही खाली आहे. ही 'जान' जुन्या इराणीत जवळजवळ आपला 'व्यान' होती. प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पंचप्राणांतला तो. मधल्या काळात तिचं 'ग्यान' झालं आणि मग 'जान'. प्राण आणि व्यान दोन्ही अन् धातूचे, अन् म्हणजे श्वास घेणं. लॅटिनमध्ये याच धातूपासून 'अनिमा' म्हणजे श्वास, आणि त्यातून इंग्रजांचा 'ॲनिमल'. म्हणजे प्राणी, जनावर, ॲनिमल ही तीन सख्खी भावंडं. एक संस्कृतात वाढलं, एक फारसीत, एक लॅटिनमध्ये, आणि तिन्ही आमच्या लिफ्टमध्ये भेटली!

फारसीतून हाच शब्द तुर्कीत गेला, तिथे तो 'जानावार'. अर्थ अक्राळविक्राळ श्वापद, राक्षस. तुर्कस्तानातल्या वान सरोवरात एक राक्षस राहतो अशी दंतकथा आहे, त्याला तिथले लोक जानावारच म्हणतात. पाण्यातलं जनावर म्हटलं की वानकाठचा माणूसही दचकणार आणि देवगडचाही. पुण्याचा तेवढा म्हैस शोधत बसणार. (डोंबिवलीकर, तुम्हीही.)

एका सदरात मध्यंतरी 'जनांनी आवरायचे ते जनावर' अशी व्युत्पत्ती छापून आली होती. लेखक मोठे आहेत, पुरस्कारबिरस्कार मिळालेले. याच हिशेबाने दिलावर म्हणजे दिलाला आवरणारा. मी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. फारसीचा इतका तिटकारा असेल तर 'जमीन', 'हवा' आणि 'बाजार'ही सोडा, मग बोलू.

आता माझा आपला एक लाडका तर्क. समुद्रसाप पाण्यातच जन्मतो, पाण्यातच पिल्लं घालतो, पण त्याला कल्ले नाहीत. फुप्फुसं आहेत. नाकपुड्या तोंडाच्या वरच्या बाजूला, बुडी मारताना मिटणाऱ्या. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. वामीला कल्ले, ती मासळी. तेव्हा रापणीच्या जाळ्यात एकाच वेळी दोन लांबडी आली तर श्वास घेणारं ते जनावर, दुसरी कालवणात. अन् धातूचा अर्थ इतका चोख पाळणारा शब्द मला दुसरा माहीत नाही. घाटावरही सापाला जनावर म्हणतात, तिथे कुठली वाम, असं आमचे एक स्नेही मला दरवेळी ऐकवतात. ऐकवू देत.

राहिला तुमच्या मित्राचा मुद्दा. त्या डबक्यातल्या जनावराचं शेपूट पाहिलंत का? समुद्रसापाचं वल्ह्यासारखं चपटं असतं. जमिनीवरच्या सापाच्या पोटाला सरपटायला रुंद खवले असतात, ते बहुतेक समुद्रसापांना जवळजवळ नसतातच. वाळूत पडला की त्याचा लोळागोळा होतो, खडपावर चढणं दूरच. तेव्हा झपकन कपारीत शिरलं ते... हं, वाम असू शकेल. मित्राला सांगू नका. कोरड्या कातळावर दगडाखाली वेटोळं घालून अंग घासत खरखर आवाज करणारं काही दिसलं तर मात्र ते फुरसं. तिथे शब्दचर्चा करत थांबायचं नाही.

चावणं चर्व् पासून, म्हणजे चघळणं. साप चघळत नाही, डसतो, दंश् पासून. पण तुमच्या आजोबांनी यातलं काहीच म्हटलं नसतं. ते म्हणाले असते, "पान लागला." सापाचं नाव नाही, दाताचंही नाही. समुद्रसापाचं पान लागलेलं पुष्कळदा दुखतही नाही, हात-पाय नंतर जड होतात. आणि आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषावरची, त्यात हा नाही. म्हणून आजोबा ओरडले की आधी पाय वर घ्यायचे, शब्द बरोबर की चूक ते घरी आल्यावर मला विचारायचं.