उन्हाळ्यात वह्या मिटाव्यात का?

प्रश्न : आमचे 9 आणि 12 वर्षांचे दोन्ही मुलगे शाळेत न जाता घरीच शिकतात. उन्हाळ्यात अभ्यास बंद ठेवला, की गणित विसरतात आणि चालू ठेवला, की रोज रुसवेफुगवे होतात. काय करावे?

उत्तर : वेळापत्रक निःसंकोच बाजूला ठेवा, शिकवणाऱ्या आईवडिलांनाही विसावा लागतो, हे आपण फार सहज विसरतो. गणित मात्र पूर्ण सोडू नका. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून 1885 मध्येच दाखवून दिले होते, की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि पुढे तो वेग मंदावतो. म्हणून दोन महिन्यांनी एकदम उजळणी करण्यापेक्षा एक दिवसाआड दहा मिनिटे, चार-पाच उदाहरणे, एवढे पुरे.

बाकीचे शिकणे उन्हात होऊ द्या. जमिनीत एक काठी सरळ रोवा आणि दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला सांगा. सर्वांत आखूड सावली घड्याळात बरोबर बारा वाजताच पडते असे नाही, हे धाकट्याच्या लक्षात आले, की तो "असे का?" विचारल्याशिवाय राहणार नाही. लगेच उत्तर देऊ नका. थोरल्याला पृथ्वी तासाला 15 अंश फिरते एवढेच सांगा आणि एका अंशाला किती मिनिटे लागतात, ते त्याला काढू द्या. स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ यांतला फरक तेथूनच उलगडत जाईल.

वाचायचे पुस्तक मुलांनाच निवडू द्या, मग ते तुम्हाला कितीही सोपे वाटो. एखादा दिवस नुसता लोळण्यात गेला, तर त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी मागू नका.