मुक्कामाचा खर्च कमी करायचाय ना, मग नुसता रात्रीचा भाव बघू नका

तुमचा प्रश्न असा की दोघांना युरोपात दोनेक आठवडे फिरायचंय, विमानाची तिकिटं काढून झालीत, आणि आता हॉटेलांचे आकडे बघून पोटात गोळा आलाय, तर राहायला सगळ्यात स्वस्त काय. बाकीच्यांनी सरळ 'हॉस्टेल घ्या' सांगितलंय. चूक नाही ते, पण एकटा फिरणारा आणि दोघं यांचा हिशोबच वेगळा असतो. हॉस्टेलचा भाव बेडचा, म्हणजे माणशी असतो, त्यामुळे डॉर्ममधले, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतले, दोन बेड धरले की कितीतरी शहरांत साध्या गेस्टहाऊसच्या डबल रूमच्या आसपासच आकडा जातो, आणि वर टॉवेलचे वेगळे, कुलपाचे वेगळे, कुठे चादरीचेही वेगळे. एकट्याला डॉर्मच परवडतं, दोघांनी दोन्ही तपासायचं, आणि चौघं असाल तर चार बेडची अख्खी डॉर्म किंवा किचनवालं अपार्टमेंट.

माझं म्हणणं एवढंच आहे की रात्रीचा भाव सोडा आणि मुक्कामाचा एकूण खर्च काढा. भाडं, त्यावर टॅक्स, तिथून गावात जायचा-यायचा खर्च, आणि किचन किंवा नाश्ता नसेल तर बाहेरचं खाणं. हे चार आकडे एका ओळीत लिहिले की लिस्टमधलं सगळ्यात वरचं 'स्वस्त' हॉटेल बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या नंबरवर जातं.

टॅक्सचंच घ्या. अॅमस्टरडॅममध्ये 2024 पासून टुरिस्ट टॅक्स खोलीच्या भाड्याच्या 12.5 टक्के आहे. रोममध्ये तो माणशी, दर रात्री, आणि हॉटेलच्या दर्जाप्रमाणे कमीजास्त, आणि बुकिंगच्या वेळी भरलेल्या रकमेत तो बहुतेक वेळा धरलेला नसतो, काउंटरवर वेगळा मागतात. अपार्टमेंटला क्लीनिंग फी असते, ती एक रात्र राहा नाहीतर सहा रात्री, तेवढीच. म्हणून एका रात्रीसाठी अपार्टमेंट घेणं म्हणजे पैसे पाण्यात, पण पाच-सहा रात्रींना तीच फी वाटली जाते, शिवाय आठवड्याचा डिस्काउंट बरेच मालक ठेवतात. एअरबीएनबीवर, म्हणजे लोकांची घरं भाड्याने मिळतात त्या साइटवर, आता फी धरूनच आकडा दिसतो, पण बाकी साइटवर शेवटच्या स्क्रीनपर्यंत जाऊनच तुलना करा.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो, की शहरं कमी करा. दोन आठवड्यांत सात शहरं ठेवली तर प्रत्येक ठिकाणी महागडी एक-दोन रात्र, मधला प्रवास, आणि चेक-आउट ते चेक-इनच्या मधे सामान कुठेतरी पैसे भरून ठेवणं. त्यापेक्षा तीन मुक्काम ठेवा आणि आजूबाजूचं ट्रेनने एका दिवसात करून या.

तारखांचं तर लोक बघतच नाहीत, आणि खरे पैसे तिथे वाचतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट असतो, तेव्हा साध्या खोलीचे भाव बघून हसू येतं. एप्रिलमध्ये मिलानला फर्निचरचं मोठं प्रदर्शन भरतं तेव्हा तेच. उलट ब्रसेल्ससारखी कामकाजाची शहरं सोमवार ते गुरुवार महाग आणि शनिवार-रविवारी, किंवा ऑगस्टमध्ये, उतरतात, कारण सरकारी कामाला आलेली माणसं घरी गेलेली असतात. म्हणजे कामाचं शहर वीकेंडला आणि टुरिस्टचं शहर आठवड्याच्या मधे, एवढी उलटापालट केली तरी फरक दिसतो. हॉटेल शोधण्याआधी 'त्या तारखांना त्या गावात काय आहे' हे एकदा सर्च करा.

लांब राहायचं का जवळ, यावर सरसकट उत्तर नाही. व्हेनिसला मेस्त्रे या मुख्य जमिनीवरच्या भागात राहणं मला पटतं, ट्रेनने दहाएक मिनिटांत जुन्या व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनला उतरता, आणि मेस्त्रे व्हेनिसच्याच महापालिकेत येतं. त्यामुळे 2024 पासून ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांना जी प्रवेश फी लावतात ती तिथे मुक्कामाला असणाऱ्यांना नसते, फक्त ऑनलाइन जाऊन सूट मिळाल्याचा क्यूआर कोड आधी काढून ठेवावा लागतो. पण जिथे रात्री दहानंतर बस नाही अशा उपनगरात स्वस्त म्हणून राहिलात तर दोन टॅक्स्यांत सगळी बचत गेली. नकाशावर हॉटेल ते स्टेशन अंतर बघू नका, रात्री अकराची वेळ टाकून रूट काढून बघा.

स्वित्झर्लंड तुमच्या यादीत असेल तर ही एक गोष्ट नक्की वापरा. जिनिव्हात हॉटेल, हॉस्टेल किंवा कॅम्पिंगमध्ये राहणाऱ्यांना मुक्कामभर शहरातल्या बस-ट्रॅम फुकट असणारं कार्ड मिळतं, बाझेलमध्येही तसंच कार्ड आहे आणि त्यावर म्युझियमला निम्मी सूटही मिळते. त्या देशात ही रक्कम छोटी नाही. तिथे ओळखीतल्या कोणी लांबचा खाजगी फ्लॅट सुचवला तर आधी विचारा की हे कार्ड मिळणार का.

रात्रीच्या ट्रेनने एक मुक्काम वाचतो हे खरं, नाइटजेट ही ऑस्ट्रियन रेल्वेची रात्रीची ट्रेन म्युनिक-रोमसारख्या मार्गांवर आहे, पण बसायची सीट घेऊ नका, पाठीचे तुकडे होतात आणि दुसरा दिवस हॉटेलच्या लॉबीत पेंगण्यात जातो. कुशेट, म्हणजे झोपायचा बर्थ घ्या, सकाळचा नाश्ता त्यातच असतो. तिकिटं लवकर काढली तरच हे स्वस्त पडतं, आयत्या वेळी नाही.

उन्हाळ्यात जात असाल तर विद्यापीठांच्या खोल्या बघा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सुट्टीत आपल्या विद्यार्थी वसतिगृहांतल्या खोल्या बाहेरच्यांना देतं, जागा मोक्याच्या, खोली साधी, सोबत टेबल-खुर्ची आणि खिळ्यांच्या खुणा असलेला सॉफ्टबोर्ड. इटलीत कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे नन्सच्या मठात, राहता येतं, स्वच्छ आणि शांत, फक्त बऱ्याच ठिकाणी रात्री ठरलेल्या वेळेला दार बंद होतं, तेव्हा रात्री भटकणाऱ्यांनी नको.

फुकट राहण्याबद्दलही विचारलंय तुम्ही. काउचसर्फिंग, म्हणजे अनोळखी लोक प्रवाशांना आपल्या घरी फुकट ठेवून घेतात ती साइट, 2004 च्या सुमाराला सुरू झालं, 2020 पासून बऱ्याच देशांत मेंबरशिपचे पैसे लागतात, आणि दोघांना एकदम ठेवून घेणारा होस्ट मिळवायला मेसेज खूप पाठवावे लागतात. घर आणि मांजर सांभाळण्याच्या बदल्यात राहणं महिनाभर एका जागी असणाऱ्यांना छान, तुमच्या प्लॅनमध्ये बसत नाही. काम करून राहायचं म्हणाल तर टुरिस्ट व्हिसावर जपून, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये राहण्याच्या बदल्यात केलेलं काम हे कामच धरतात आणि इमिग्रेशनला हे समजलं तर परत पाठवू शकतात. विमानतळावर झोपण्याचा सल्ला मी कोणालाच देत नाही.

बुकिंग करताना आधी फ्री कॅन्सलेशनवालं घेऊन ठेवा, शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) मुक्कामाचा पुरावा लागतोच, मग अधूनमधून तेच हॉटेल तपासत राहा, भाव उतरला की नवीन बुक करून जुनं रद्द करा, या क्रमाने, उलट नाही. रद्द करायची शेवटची वेळ बहुधा हॉटेलच्या देशातली असते हे लक्षात ठेवा. छोटी हॉटेलं असतील तर साइटवरचा भाव बघून त्यांनाच ईमेल टाका, त्यांचं साइटला द्यायचं कमिशन वाचतं म्हणून नाश्ता तरी घालून देतात. कार्ड स्वाइप करताना मशीनने तुमच्या चलनात भरू का विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनच घ्या, नाहीतर कन्व्हर्जनचा वाढीव भाव लागतो.

आणि अपार्टमेंटचा मालक 'साइट सोडून थेट अकाउंटला पाठवा, स्वस्तात देतो' म्हणाला तर तिथल्या तिथे चॅट बंद करा. तुमच्या शहरांची नावं आणि तारखा टाका, मग कुठल्या भागात राहायचं ते सांगतो.