खाटेवरचं लाल स्टिकर

प्रश्न : तीसेक कर्मचारी असलेल्या खाजगी रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे ऑपरेशनआधी प्रत्येक पेशंटची एचआयव्ही तपासणी त्याला न सांगताच होते. रिपोर्ट रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे लागण दाखवणारा आला की खाटेवर लाल स्टिकर लावायचं, पेशंटला कोपऱ्यातल्या खोलीत हलवायचं आणि जमलं तर ‘ऑपरेशन दुसरीकडे करून घ्या’ असं सुचवायचं, असा तोंडी आदेश आहे. गेल्या महिन्यात एका बाईंच्या खाटेला ते स्टिकर मीच लावलं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांनाही कळलं होतं. मला हे पुन्हा करायचं नाही. पण सुई टोचली तर काय, ही भीती मलाही आहे. मी नकार दिला तर कायदा माझ्या बाजूने उभा राहील का?

उत्तर : ताई, राहील. मात्र नकार कसा देता यावर बरंच अवलंबून आहे.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 नुसार एचआयव्हीमुळे उपचार नाकारणं, उपचारात दुजाभाव करणं, पेशंटला वेगळं काढणं, हे सगळं भेदभावात मोडतं. ‘दुसरीकडे जा’ हे कितीही गोड आवाजात सांगितलं तरी तो नकारच. तपासणीचं म्हणाल, तर कलम 5 प्रमाणे आधी समुपदेशन आणि त्या विशिष्ट तपासणीसाठी संमती हवी. अ‍ॅडमिशनच्या वेळी छापील फॉर्मवर घेतलेली सरसकट सही पुरत नाही. रक्तपेढीतली चाचणी किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. ऑपरेशन त्यांत नाही.

स्टिकरबद्दल रुग्णालय म्हणेल, ‘स्टाफला कळायला नको का?’ उपचारासाठी गरज असेल तेव्हा प्रत्यक्ष उपचार करणाऱ्यांनी एकमेकांना माहिती द्यायला कलम 8 मुभा देतं. ती केसपेपरमधून देता येते. खाटेवरचं स्टिकर मात्र मावशी, वॉर्डबॉय, डबा घेऊन आलेला नातेवाईक, सगळेच वाचतात. एक कटू गोष्टही सांगायला हवी : गोपनीयतेचं हे बंधन फक्त मालकावर नाही. ‘वरून सांगितलं होतं’ एवढ्यावर तुमची सुटका होईलच, असं मी म्हणणार नाही.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती मला खोटी वाटत नाही आणि तुम्हीही तिची लाज बाळगू नका. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर त्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते, आणि त्यासाठी कुणी लाल स्टिकर लावत नाही! शिवाय नुकतीच लागण झालेल्या माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. बिनस्टिकरच्या खाटेपाशी हात सैल पडतो, आणि खरा धोका तिथेच आहे. म्हणून हातमोजे, सुया टाकायचा, सुई आरपार न जाणारा डबा, सुईला पुन्हा टोपण न लावणं, ही काळजी प्रत्येक पेशंटपाशी घ्यायची असते. ही साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि सुई टोचल्यास पीईपीची, म्हणजे लागण टाळण्यासाठी घ्यायची औषधं (72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, पुढे 28 दिवस) पुरवणं हे कलम 19 प्रमाणे रुग्णालयाचं कर्तव्य आहे. तुमच्या सुरक्षिततेची मागणी मालकाकडे करायची आहे. ती पेशंटकडून वसूल होतेय, हीच सगळ्यात मोठी चूक आहे. स्टिकरला पैसे लागत नाहीत, डब्यांना आणि औषधांना लागतात, म्हणून स्टिकर टिकतं, असं माझं मत झालं आहे.

तेव्हा वॉर्डात वाद घालू नका, लिहून द्या. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्यसंस्थेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यांच्या नावे एका पानाचा अर्ज करा : तोंडी आदेश काय आहे, तो कोणत्या कलमांविरुद्ध आहे आणि कलम 19 नुसार तुम्हाला काय हवं आहे. पोच घ्या. अधिकारी नेमलेलाच नसेल, तर तेही अर्जात नोंदवून तो व्यवस्थापनाला द्या. दाद लागली नाही तर या कायद्याखाली राज्य सरकारने नेमलेल्या लोकपालांकडे जाता येतं. तक्रार कुणीही करू शकतं. निर्णय 30 दिवसांत अपेक्षित आहे. एखाद्या एचआयव्हीबाधित पेशंटची तातडीची वैद्यकीय गरज असेल तर शक्यतो 24 तासांत. लोकपालांचा आदेश मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड, आणि मोडत राहिल्यास दिवसाला आणखी 5,000 पर्यंत. रक्कम मला तोकडी वाटते, पण लेखी आदेशाचा धाक वेगळा असतो.

लेखीचा आग्रह आणखी एका कारणासाठी. तक्रार केल्याबद्दल कुणाला त्रास देण्यास कलम 40 मनाई करतं. नुसत्या तोंडी नकाराला हे संरक्षण मिळेलच असं नाही, कारण उद्या ‘कामात कुचराई’ म्हणून मेमो हातात ठेवायला त्यांना वेळ लागणार नाही. तारखेसह पोच असली, की मेमो तिच्यानंतर आला हे दाखवता येतं.

त्या बाईंना स्वतः लोकपालांकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येईल. न्यायालयात नाव झाकून खटला चालवण्याची सोयही कायद्यात आहे. भेट झाली तर एकांतात हे सांगा. जायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. आणि तुमच्या अर्जात त्यांचं नाव, खाट क्रमांक, आजार, काही लिहू नका. ‘एका रुग्णाबाबत’ एवढं पुरे.