ऑटोकॅडमध्ये तोच बोल्ट, तोच दरवाजा सारखा काढायला लागतोय, ग्रुप केला तरी दुसऱ्या फाईलमध्ये मिळत नाही, काय करू?

भावा, ग्रुप नको, ब्लॉक कर. ग्रुप म्हणजे नुसतं बांधलेलं गाठोडं, कॉपी केलेला प्रत्येक नग नंतर वेगळा दुरुस्त करत बसायचं. ब्लॉकला बीएडिटमध्ये (ब्लॉक दुरुस्त करायची कमांड) जाऊन एकदा बदल केला की ड्रॉइंगमधले ४० च्या ४० बोल्ट बदलतात.

आधी सगळं लेयर झिरोवर काढ आणि कलर बायलेयर (म्हणजे लेयरचा तोच रंग) ठेव, हे लै महत्त्वाचं, मग ब्लॉक ज्या लेयरवर टाकशील त्याचा रंग घेतो. नंतर बी टाईप करून एंटर, नाव दे, ऑब्जेक्ट सिलेक्ट कर आणि बेस पॉइंट, म्हणजे टाकताना ब्लॉक जिथं धरला जातो तो बिंदू, पिक करच, नाहीतर तो शून्य-शून्यलाच राहतो आणि इन्सर्ट करताना ब्लॉक कर्सरपासून कुठंतरी लांब जाऊन पडतो. बोल्टला मधला सेंटर घे, दरवाजाला बिजागरीचा कोपरा, भिंतीत बरोबर बसतोय बघ. शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडचा लेआउट करताना माझे मशीनच्या मोटारींचे सगळे ब्लॉक असेच लांब पडलेले, अख्खी संध्याकाळ गेली त्यात.

दुसऱ्या फाईलसाठी डब्ल्यूब्लॉक, कमांड नुसतं डब्ल्यू. त्याची वेगळी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाईल) होते, ती एका फोल्डरला ठेव आणि पाहिजे तिथं इन्सर्ट कर. युनिट मात्र दोन्हीकडं मिलिमीटरच ठेव.