फुप्फुसाचं प्रेशर आणि 'गणपतीनंतर बघू'

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी आई ५१ वर्षांची आहे. लहानपणी तिचे सांधे सुजून ताप आला होता, असं आजी सांगायची. दोन वर्षांपासून तिला जिना चढताना धाप लागते. आता तर दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसते. रात्री तीन उशा लागतात. इकोमध्ये मायट्रल झडप ०.८ चौरस सेंटिमीटर, झडपेवर चुना साचलाय, गळतीही आहे आणि 'पीए प्रेशर ७८' (म्हणजे फुप्फुसाच्या धमनीतला दाब) असं आलंय. फुग्याने झडप उघडता येणार नाही, बदलावीच लागेल म्हणाले. एका ठिकाणी लगेच ऑपरेशन करा म्हणतात. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, एवढं प्रेशर असताना टेबलावरच काही होऊ शकतं. बाबा म्हणतात, गणपती होऊन जाऊ देत, मग बघू. शेजारच्या काकांनी प्रेशर उतरवणारी सिल्डेनाफिलची गोळी सुचवली आहे. त्यांच्या नात्यातली मुलगी ती घेते. आम्ही काय करावं?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी भूलतज्ज्ञ आहे. परळला हृदयाच्या ऑपरेशन थिएटरात माझी २४ वर्षं गेली आणि आईंसारखे रुग्ण मी सतत बघते. दोन्ही डॉक्टर खरंच बोलतायत. धोका आहे, आणि तो असूनही ऑपरेशन करायला हवं. आधी हे प्रेशर आलं कुठून ते सांगते, म्हणजे बाबांनाही सांगता येईल.

चाळीत तळमजल्यावरचा पाइप तुंबला की पाणी वरच्या मोऱ्यांमधून वर येतं. आईंच्या हृदयात तेच झालंय. मायट्रल झडप साधारण ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडायला हवी, ती एकाच्याही आत आली आहे. रक्त पुढे सरकत नाही, मागे फुप्फुसात तुंबतं. आडवं झालं की जास्तच, म्हणून तीन उशा. वर्षानुवर्षं असं चाललं की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आधी आकसतात, मग त्यांच्या भिंती जाड होतात. म्हणजे मूळ दुखणं झडपेचं आहे. झडप बदलली की तुंबण्यामुळे चढलेला भाग बऱ्याचदा टेबलावरच उतरायला लागतो. आकसलेल्या वाहिन्या सैल पडायला काही आठवडे ते काही महिने जातात. जाड झालेल्या भिंतींमुळे थोडं प्रेशर कायमचं राहू शकतं. जितका उशीर, तितका हा शेवटचा भाग वाढतो.

७८ हा आकडा इकोवरून काढलेला अंदाज आहे, आणि तो वरचा आकडा आहे. निरोगी माणसात तो साधारण २५ च्या आसपास असतो. नक्की मोजायचं तर मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून बारीक नळी उजव्या बाजूने आत घालावी लागते. पण माझी नजर आधी ७८ वर जात नाही, ती हृदयाच्या उजव्या कप्प्यावर जाते. इकोच्या कागदावर 'टॅप्सी' (TAPSE) शब्द शोधा, उजवा कप्पा किती जोर लावतो त्याचं ते माप. तिथे १७ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर उजवा कप्पा अजून जोर धरून आहे. आकडा बराच खाली असेल, पाय सुजत असतील, पोट जड वाटत असेल, तर तो थकत चाललाय. ७८ आकडा आणि धडधाकट उजवा कप्पा असलेला रुग्ण मला चालतो. ५० आकडा आणि थकलेला कप्पा असला की मला जास्त काळजी वाटते.

टेबलावर काय होऊ शकतं ते मोघम ऐकून माणूस जास्त घाबरतो, म्हणून स्पष्ट सांगते. हृदय थांबवून काम करायचं असतं, तेवढा वेळ रक्त हार्ट-लंग मशीनवर फिरतं. झडप बसली, हृदय पुन्हा धडकू लागलं की मशीनचा भार हळूहळू कमी करत आणतात. त्या वेळी मी पडद्यावरून वाकून थेट उजव्या कप्प्याकडे बघत असते. त्याची भिंत मुळात पातळ. त्याला जास्त रक्त चालतं, जास्त दाब चालत नाही. फुप्फुसाने अडवलं तर तो डोळ्यांदेखत भरलेल्या पिशवीसारखा फुगतो, आकुंचन मंद होतं आणि हातावरचा रक्तदाब घसरतो. अशा वेळी मिलरिनोन, नॉरअ‍ॅड्रेनलिनसारखी औषधं हाताशी लागतात. श्वासातून नायट्रिक ऑक्साइड वायू देता येतो. तो फुप्फुसाच्याच वाहिन्या उघडतो, बाकी शरीराचा दाब फारसा पाडत नाही. ऑपरेशन जिथे ठरेल तिथे 'तुमच्याकडे नायट्रिक ऑक्साइड आहे का?' हे जरूर विचारा. हा प्रश्न विचारला म्हणून कोणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी विचारा.

बाकीच्या गोष्टी साध्या वाटतात, पण माझा अर्धा जीव त्यांच्यातच अडकलेला असतो. थंडी, वेदना, भीती, कमी प्राणवायू आणि साचलेला कार्बन डायऑक्साइड या सगळ्यांनी फुप्फुसाच्या वाहिन्या आवळतात. म्हणून आईंना आदल्या रात्री गुंगीचं फारसं काही देणार नाहीत. नातेवाईक तक्रार करतात, 'बिचारी रात्रभर जागी होती.' पण गुंगीत श्वास उथळ झाला की प्रेशर चढतं. त्याऐवजी मी आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन बसते. सकाळी टेबलावर गरम पांघरूण घालते आणि झोप लागेपर्यंत एक हात त्यांच्या हातात ठेवते. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापर्यंत श्वासाची नळी घशात राहू शकते. तेव्हा 'अजून शुद्धीवर का नाही?' म्हणून घाबरू नका, ती घाई मुद्दामच टाळलेली असते.

आता गोळी. कृपा करून देऊ नका. पुढे झडप बंद असताना सिल्डेनाफिलने फुप्फुसाच्या वाहिन्या उघडल्या, तर बंद दारावर आणखी रक्त येतं आणि फुप्फुसात पाणी भरू शकतं. त्यात आईंना जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट कोणी दिली, तर रक्तदाब धोकादायक पडेल. झडप दुरुस्त झाल्यावरही प्रेशर उरलेल्या २०० रुग्णांवर स्पेनमध्ये चाचणी झाली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिने सिल्डेनाफिल घेतलेल्यांची तब्येत न घेतलेल्यांपेक्षा जास्त बिघडली होती. अतिदक्षता विभागात डॉक्टर ती देतात तेव्हा गोष्ट वेगळी, तिथे मिनिटामिनिटाला दाब मोजला जातो.

आणि गणपती. मीही परळचीच, तेव्हा बाबांचा जीव कशात अडकलाय ते मला कळतं. पण त्या दहा दिवसांत तुमच्या गल्लीत अ‍ॅम्ब्युलन्स किती वेळात पोचते, ते त्यांना आठवायला सांगा. मध्यरात्री आईंना फेस येऊन दम कोंडला, तर तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली आणून गर्दीतून काढणार कसं? तयारीला थोडे दिवस लागतीलच: लघवीच्या गोळीने पाणी उतरवायचं, दातांची तपासणी करून किडका दात आधी काढून घ्यायचा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद जमवायचे. हे याच आठवड्यात सुरू करा. तारीख कार्डिऑलॉजिस्ट ठरवतील, पंचांग नाही.

प्रश्न : माझ्या भाचीच्या हृदयाला जन्मापासून मोठं भोक आहे. गावी कोणी लक्ष दिलं नाही. आता ती १९ वर्षांची आहे, ओठ निळे पडतात. मुंबईत दाखवलं तर म्हणाले, प्रेशर फार वाढलंय, आता भोक बंद करता येणार नाही. पैसे नाहीत म्हणून टाळतायत का? घरात लग्नाचंही चाललंय.
– एक मामा, डोंबिवली

उत्तर : टाळत नाहीयेत. भोकातून वर्षानुवर्षं जादा रक्त फुप्फुसात गेलं, तिथला दाब शरीराच्या दाबाइतका झाला आणि आता अशुद्ध रक्त उलटं डावीकडे येतंय. ओठ त्यामुळे निळे. याला आयझेनमेंगर म्हणतात. आज ते भोकच तिच्या उजव्या कप्प्याची सुटकेची वाट आहे. ते बुजवलं तर कप्पा कोंडून जीव जाऊ शकतो. वरच्या पत्रात जी गोळी मी नको म्हटली, ती किंवा बोसेन्टान नावाची दुसरी गोळी हिला उपयोगी पडू शकते, अर्थात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

गर्भारपण तिच्या जिवाला फार मोठा धोका आहे. हे लग्नाच्या बोलणीआधी तिला स्वतःला आणि समोरच्या घराला स्पष्ट सांगायला हवं. मामा म्हणून हे काम तुम्ही करा. तिला उन्हात उपाशी, तहानलेली ठेवू नका. कुठेही सलाइन लावलं तर नर्सला सांगा, नळीत हवेचा एक बुडबुडाही जाऊ देऊ नका. बाकीच्यांना तो फुप्फुसात अडतो, हिच्या भोकातून तो थेट मेंदूत जाऊ शकतो. हे वाक्य कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवा.