२०१२ चा पीसी आहे, ४ जीबी रॅम. विंडोज ७ च ठेवू, १० टाकू का ११?

भावा, पीसीवर काम काय करतोस तेच लिहिलं नाहीस. सगळं त्याच्यावर आहे.

११ चा विषय सोड. त्याला टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप) लागतं, इंटेल असेल तर आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि तुझा २०१२ चा म्हणजे फार तर तिसऱ्या जनरेशनचा. जुगाड करून बसवतात लोक, मला माहीत आहे, पण ४ जीबीत ते चालत नाही, रांगतंय.

माझं कोल्हापुरात शाहूपुरीत छपाईचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे बोर्ड. मशीन २००९ ची, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७ बत्तीस बिट. २०१९ च्या ऑगस्टला पंचगंगेचं पाणी दुकानात शिरायला लागलं तेव्हा मी आणि पोरानं सीपीयू उचलून माळ्यावर टाकला, पाणी उतरल्यावर चिखल काढला, बटण दाबलं, चालू! आणि त्याच वर्षी भाऊबीजेला ताई-दाजी आले. दाजी पुण्यात आयटीत. "जानेवारीत सेव्हनचा सपोर्ट संपतोय, तू काय म्युझियम चालवतोस काय?" म्हणाले. सपोर्ट संपला म्हणजे कंपनीचे सुरक्षेचे अपडेट बंद. मी हसून सोडलं, घरी जेवायला गेलो, परत येईपर्यंत हे फॉर्मॅट मारून १० चौसष्ट बिट टाकून मोकळे. २ जीबीवर!

हळू चाललं असतं तरी सोसलं असतं. पण माझ्या जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, फक्त बत्तीस बिटचा, चौसष्टला तो घेतच नाही. आणि दुसरं, डी ड्राइव्हवरची पत्रिका उघडली तर वरती '॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥' च्या जागी नुसते इंग्रजी एस, कंस, टक्क्याची चिन्हं. युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट असेच, अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली, फाँट गेला की नवरदेवाचं नाव पण वाचता येत नाही. फाँटची सीडी? ती खालच्या ड्रॉवरमध्ये होती, पुरात गेली. तुळशीचं लग्न आठ-दहा दिवसांवर, पत्रिकांचं गिऱ्हाईक दारात उभं, आणि मी गल्लीतल्या दुसऱ्या प्रेसवाल्याकडे पेनड्राइव्ह घेऊन फाँट मागत फिरतोय. ज्याच्याशी दरावरून दोन वर्षं बोललो नव्हतो त्याच्याकडे. त्यानं चहा पाजून दिले, ही त्याची मोठी गोष्ट.

परत ७ टाकलं, बत्तीस बिटच, नेटची वायर काढून टाकली. अजून पत्रिका त्याच्यावरच निघतात.

तर तुझं. जुना प्रिंटर, जुनं सॉफ्टवेअर, जुने फाँट असलं काही असेल तर ७ ठेव पण नेट तोड. नुसतं नेट, यूट्यूब, पोरांचा अभ्यास असेल तर आधी २५६ जीबीचा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान डिस्क) बसव, फरक तिथंच पडतो, आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाक, फुकट आहे, ४ जीबीत आरामात चालते. १० टाकायचं मनात असेल तर त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जादा अपडेटसाठी नाव नोंदवलं तर घरगुती पीसीला फार तर वर्षभराची मुदतवाढ.

आता एक कबूल करतो, बँक, यूपीआय, आधारचं काही ७ वर करू नकोस. क्रोम ब्राउझर तिथं १०९ व्या आवृत्तीवर थांबलंय, पुढचं येत नाही. नेटच्या बाबतीत दाजींचं बरोबर होतं, फक्त माझ्या मशीनला नेट नकोच होतं हे त्यांना आजही पटत नाही. मागच्या दिवाळीत त्यांचाच लॅपटॉप सातव्या जनरेशनचा निघाला, ११ घेईना, तेव्हा ताईसमोर मी गप्प बसलो.

आणि काही टाकायच्या आधी सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातलं फाँटचं फोल्डर पेनड्राइव्हवर घे. दाजींनी डेस्कटॉप घेतला, डॉक्युमेंट्स घेतले, तेवढं राहिलं.