सीबीसीत पांढऱ्या पेशी कमी आल्या, आता काय?

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, हॉस्टेलवर राहतो, तापाने फणफणला म्हणून घरी घेऊन आलो. तिसऱ्या दिवशी टेस्ट केल्या तर डेंग्यूची एनएसवन पॉझिटिव्ह, सीबीसीत, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीत, टोटल काउंट (पांढऱ्या पेशी) २६०० आणि प्लेटलेट १ लाख १० हजार. आमच्या डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल दिली आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं, अँटिबायोटिक नाहीच दिली. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात असं आपण शाळेत शिकलो, मग इन्फेक्शन झाल्यावर त्या वाढायला हव्यात ना, इथे तर अर्ध्यावर आल्यात. त्याची प्रतिकारशक्ती संपली का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो, संपली वगैरे काही नाही. नॉर्मल काउंट साधारण ४००० ते ११००० असतो, त्यामुळे २६०० बघून पोटात गोळा येणं साहजिक आहे, पण डेंग्यूत तिसऱ्या-चौथ्या दिवशी असाच आकडा येतो, किंबहुना ताप आणि घसरलेला टोटल काउंट दिसला की आम्हाला डेंग्यूचा संशय आणखी बळावतो.

सीबीसी म्हणजे हायवेवर उभं राहून गाड्या मोजण्यासारखं आहे, गल्लीबोळात किती उभ्या आहेत ते त्यात कळत नाही. बहुतेक लिम्फोसाइट (व्हायरसशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्तात नसतातच, त्या लिम्फ नोड, प्लीहा, आतडं अशा ठिकाणी असतात. व्हायरस आला की रक्तातल्या बऱ्याच पेशी तिकडे वळतात. डेंग्यूत शिवाय बोनमॅरोचं काम काही दिवस मंदावतं, नव्या पेशी कमी बनतात, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचं आयुष्य मुळात एखाद्या दिवसाचं, त्यामुळे मागून माल आला नाही की आकडा लगेच पडतो.

बॅक्टेरिया आणि व्हायरसशी लढायची पद्धतही वेगळी. बॅक्टेरिया बहुतेक पेशींच्या बाहेर वाढतात, न्यूट्रोफिल जाऊन त्यांना गिळतात, म्हणून काउंट १५-२० हजारांवर जातो (टायफॉइड याला अपवाद, तो बॅक्टेरियाचाच पण काउंट बरेचदा कमी, म्हणून नुसत्या काउंटवरून निदान करू नये). व्हायरस मात्र आपल्याच पेशीत घुसून बसतो, त्याला गिळणार कसं? मग ती घुसखोरी झालेली पेशीच मारावी लागते. अशी पेशी आधी इंटरफेरॉन नावाचं प्रोटीन सोडते, त्याने शेजारच्या पेशी सावध होतात, तुमच्या मुलाचं अंग ठणकतंय त्यात त्या इंटरफेरॉनचाही हात आहे. पहिले काही दिवस नॅचरल किलर पेशी किल्ला लढवतात. मग टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, तयार होऊन येतात. प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रोटीनचे तुकडे बाहेरच्या पृष्ठभागावर मांडून ठेवते, त्यात व्हायरसचा तुकडा दिसला की किलर टी पेशी तिला चिकटते, परफोरिन या प्रोटीनने भोकं पाडते आणि त्यातून ग्रॅन्झाइम हे पेशी मारणारं एन्झाइम आत सोडते, मग ती पेशी आतल्या व्हायरससकट मरते. टी पेशी हे तुकडे ओळखतात कशा, हे डोहर्टी आणि झिंकरनागेल या दोघांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कॅनबेराला शोधलं, १९९६ चं नोबेल त्यालाच, आणि यातले डोहर्टी मूळचे गुरांचे डॉक्टर बरं का!

रिपोर्टच्या खाली ‘अ‍ॅटिपिकल लिम्फोसाइट’ लिहिलं असेल तर कॅन्सर वगैरे शोधत बसू नका, व्हायरसशी लढताना लिम्फोसाइट फुगून मोठ्या दिसतात, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो.

अँटिबायोटिक दिली नाही ते बरोबरच केलं, व्हायरसवर ती चालत नाही. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक मात्र चुकूनही देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताप उतरला की घरचे म्हणतात सुटलो, आणि डेंग्यूत नेमकं तेव्हाच सांभाळायचं असतं. साधारण चौथ्या ते सातव्या दिवसात ताप जातो, तेव्हाच काहींच्या रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपायला लागतं. म्हणून एकट्या प्लेटलेटकडे डोळे लावून बसू नका, पीसीव्हीचा (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाचा) आकडाही बघा, तो चढतोय आणि प्लेटलेट झपाट्याने पडतायत म्हणजे रक्त घट्ट होतंय. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, खूप ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. बरं व्हायला लागला की आधी टोटल काउंट वर येतो, प्लेटलेट त्याच्या मागून.

प्रश्न : मला दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता. अँटिबॉडी तयार झाल्या असतील ना, मग आता परत भीती नाही ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : अर्धं खरं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, जो झाला त्याच्या मेमरी पेशी शरीरात वर्षानुवर्षं राहतात आणि तो प्रकार सहसा परत होत नाही. पण दुसरा प्रकार आला तर जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात खऱ्या, निकामी मात्र करू शकत नाहीत, उलट त्यांना धरूनच व्हायरस मोनोसाइटसारख्या पांढऱ्या पेशींच्या आत शिरतो आणि तिथेच वाढतो. म्हणजे लढणाऱ्यांच्याच घरात मुक्काम! म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त गंभीर व्हायचा धोका असतो. कुलर, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरचे टायर आठवड्यातून एकदा तरी रिकामे करा, हा डास चांगल्या साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो.

प्रश्न : व्हायरल तापानंतर काउंट ३४०० होता, दोन आठवड्यांनी परत सीबीसी करायला सांगितलीय. तोवर काउंट वाढवायला काय खाऊ? आणि टेस्टला उपाशी जायचं का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नेहमीचं घरचं जेवा, वरण-भात, भाकरी, अंडी, काय आवडेल ते. व्हायरलनंतर काउंट बहुतेकदा आपोआप वर येतो, त्यासाठी पावडरींवर पैसे घालवू नका. नाहीच आला किंवा ताप परत परत येत राहिला तर पुढच्या तपासण्या करू. सीबीसीला उपाशी राहायची गरज नाही, पोहे खाऊन गेलात तरी चालेल, फक्त स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्याने काउंट उगाच वाढलेला दिसतो.